होय म्हणू नका, नाव सांगा

शुभाताई,

तुझ्या शोकसभेला माणसं फार आली. खुर्च्या संपल्या, मग कॅन्टीनमधली बाकडी आणली, तीही भरली, मग लोक जिन्यावर बसले. मी माईकपाशी उभा राहून हे बघत होतो आणि खरं सांगतो, मला बरं वाटत नव्हतं. दुःख होतंच. पण दुःखाच्या शेजारी आणखी काहीतरी मांडी घालून बसलं होतं. रत्नागिरीत कुणाचीही शोकसभा असली की निवेदनाला मी असतो. कुठे थांबायचं, कुठे आवाज कापरा करायचा, कुठे खिशातला रुमाल नुसता बाहेर काढून पुन्हा आत ठेवायचा, हे माझ्याइतकं या गावात कुणाला जमत नाही. आणि तुझ्या सभेत माझ्या कलेला कामच उरलं नव्हतं. मी 'उपस्थित बंधुभगिनींनो' म्हणायच्या आधीच लोक रडत होते. पहिल्या रांगेत मोठे डॉक्टर, ज्यांना मी एकवीस वर्षांत कधी शिंकतानासुद्धा पाहिलं नाही, ते चष्मा पुसत होते.

माझ्या वेळी गर्दी जिन्यापर्यंत जाईल का, असा विचार माझ्या मनात आला. आला तो आला. तुझ्यापासून काय लपवायचं? तू माझी असूया माझ्याआधी ओळखायचीस.

आपण दोघं एकवीस वर्षं एकाच दवाखान्यात होतो. तू वॉर्डात, मी काउंटरवर. वॉर्डातली माणसं तुला 'सिस्टर' म्हणायची आणि घाबरायची, काउंटरवरची मला 'दिगूभाऊ' म्हणायची आणि हसायची. मला वाटायचं, सामना बरोबरीत आहे. दारातून आत आलेल्या माणसाला मी चालीवरून ओळखायचो. 'काय वहिनी, पूर्णगडहून आलात ना? सासऱ्यांचा गुडघा काय म्हणतोय?' असं मी म्हटलं की आजारी माणसाचा अर्धा ताप तिथेच उतरायचा. हे माझं कौतुक मी करत नाही, मोठे डॉक्टर करायचे. आणि एक दिवस त्याच मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की आपल्याला दवाखान्याचं मानांकन मिळवायचंय. बाहेरून तपासनीस येणार. औषधांच्या तारखा, हात धुण्याच्या जागा, ऑक्सिजनच्या टाक्या, कागदपत्रं, सगळं बघणार. आणि मुख्य म्हणजे हे बघणार, की आपण जे करतो ते रोज तसंच करतो की कुणी बघत असलं तरच.

या सगळ्याला एक प्रमुख हवा, असं डॉक्टर म्हणाले. मी त्या दिवशी मुद्दाम इस्त्रीचा शर्ट घालून आलो होतो. लोकांशी बोलायचं काम, तपासनिसांवर छाप पाडायचं काम, माझ्याशिवाय कोण? मी खुर्चीत थोडा पुढे सरकलोसुद्धा. 'शुभांगी सिस्टर बघतील,' डॉक्टर म्हणाले. मी तसाच पुढे वाकून चपलेचा अंगठा ठीक केल्यासारखं केलं. तू बघितलंस. बाहेर आल्यावर म्हणालीस, 'दिगू, चप्पल तुटली का रे?'

तेव्हापासून मी तुझ्या मानांकनाचा वैरी झालो. वैरी म्हणजे काय, तर दिवसाला दोन विनोद. तू भिंतीवर हात धुण्याच्या सहा पायऱ्यांचं चित्र लावलंस, मी म्हणालो, 'ताई, आमच्या आईने एकाच पायरीत आठ पोरं वाढवली.' तू सारख्या नावाची औषधं वेगवेगळ्या खणांत ठेवलीस, मी विचारलं, 'आता सारख्या तोंडाचे जुळे आले तर?' तू गंभीरपणे म्हणालीस, 'त्यांनाही वेगळ्या खोल्यांत ठेवीन.' तुला विनोद कळत नाही असं मी सगळ्यांना सांगायचो. तो विनोद होता हे मला घरी जेवताना कळलं.

आगीच्या सरावात मात्र मी स्वतःहून भाग घेतला. गुदमरून पडलेल्या पेशंटचं काम तू मला दिलंस. मी असा पडलो, असा खोकलो, असा हात वर करून 'पाणी... पाणी...' म्हटलं की बाहेर बसलेल्या एका बाईने खरोखर हंबरडा फोडला. टाळी माझी होती. सराव संपल्यावर तू वहीत काय लिहिलंस? 'रुग्ण बेशुद्ध असायला हवा होता. रुग्ण चार वाक्यं बोलला.' वर मला म्हणालीस, 'तुझ्यामुळे स्ट्रेचर दीड मिनिट उशिरा निघालं. सगळे तुलाच बघत बसले.' माझ्यासाठी ही स्तुती होती. तुझ्यासाठी तो दोष होता. आपलं कधीच का पटलं नाही, ते या दीड मिनिटात आहे.

मग तू ती पाटी आणलीस. निळ्या अक्षरांत: 'होय म्हणू नका, नाव सांगा.' वॉर्डात, इंजेक्शनच्या खोलीत, एक्स-रेच्या दारावर. औषध द्यायच्या आधी, सुई टोचायच्या आधी, प्रत्येक वेळी माणसाला त्याचं पूर्ण नाव विचारायचं. आपण नाव घेऊन 'तुम्हीच ना?' असं विचारायचं नाही. मी म्हणालो, 'अगं, काल ज्याला तीनदा विचारलं त्याला आज चौथ्यांदा विचारायचं? माणूस म्हणेल, या लोकांना विसरभोळेपणाचा रोग झालाय. ओळख म्हणून काही असते की नाही?'

तेव्हा तू मला तुझ्या वडिलांची गोष्ट सांगितलीस. ते पूर्णगडला तांडेल होते, होडीचा सगळा कारभार त्यांच्या हातात. होडी सुटायच्या आधी ते तोंडं बघून माणसं मोजायचे नाहीत. प्रत्येक खलाशाने आपलं नाव स्वतः मोठ्याने सांगायचं. त्यात त्यांचा सख्खा भाऊही असायचा. तोही रोज आपल्या भावाला आपलं नाव सांगायचा. 'बाबा म्हणायचे,' तू म्हणालीस, 'ओळखीचा चेहरा डोळ्यांना नुसता भासतो. दिसला असं वाटतं. तो होडीत नसतो.' मी म्हणालो, 'इथे समुद्र कुठाय?' तू म्हणालीस, 'आपल्याकडची माणसं डॉक्टरला, नर्सला नाही म्हणत नाहीत, दिगू. भिडस्त असतात. तुम्ही त्यांना कुठलंही नाव द्या, ती होय म्हणतील.' मी हसलो. हे वाक्य मी पुढे चार ठिकाणी विनोद म्हणून सांगितलं.

आता तो दिवस. मी ही गोष्ट कालपर्यंत कुणालाच सांगितली नव्हती. सगळ्या गावाच्या गोष्टी मी सांगतो, आणि माझ्याकडची सगळ्यात चांगली गोष्ट मी दोन वर्षं गिळून बसलो होतो, याची कल्पना कर.

सकाळची गर्दी होती. सावर्ड्याच्या कदमांना रक्त चढवायचं होतं. आदल्या दिवशी तपासणी झाली होती, त्यांच्या नावाची पिशवी तयार होती, त्यांच्या नावाचा मनगटाचा पट्टा छापून माझ्यापुढे पडला होता. ते यायचे होते. तेवढ्यात दारातून एक म्हातारा आला. तीच उंची, तीच टोपी, तोच किंचित वाकलेला खांदा. कदमांच्या भावाबरोबर मी एका नाटकात काम केलंय, घराणं ओळखीचं. मी काउंटरच्या बाहेर आलो, दोन्ही हात पसरले.

'या, या, कदमआजोबा! ओळखलंत का मला?'

'होय,' म्हातारा म्हणाला.

'सावर्ड्याहून सकाळच्या गाडीने आलात ना?'

'होय.'

'भाऊ काय म्हणतोय?'

'बराय.'

भाऊ होता ना त्यालाही! बरा होता! मी पट्टा उचलला, स्वतःच्या हाताने त्याच्या मनगटाला बांधला, खांद्यावर थाप मारली आणि आयाबाईंबरोबर आत पाठवला. सगळा हॉल माझ्याकडे बघून हसत होता. मला फार बरं वाटलं.

पुढचं मला नंतर कळलं. तो पलंगावर आडवा झाला. तुझ्या हाताखालच्या नर्सने पिशवी बघितली, पट्टा बघितला, फाइल बघितली. पिशवीवर कदम, पट्ट्यावर कदम, फाइलवर कदम. फक्त माणूस कदम नव्हता. 'सिस्टर, सगळं जुळतंय,' ती म्हणाली. तू तिथे उभी होतीस. तरीही तू वाकून विचारलंस, 'आजोबा, तुमचं पूर्ण नाव सांगा.'

'शिवराम बाळू घाग.'

'कशासाठी आलात?'

'पायाच्या ड्रेसिंगला.'

'मग रक्त देतायत तर बोलला का नाहीत?'

'तुमी देताव म्हंजे लागत असंल,' म्हातारा म्हणाला.

खरे कदम समोरच्या टपरीवर चहा पीत होते.

तू काउंटरवर आलीस. मला वाटलं, आता आवाज चढणार, सगळ्यांसमोर माझं नाटक होणार. मी उत्तरं तयार ठेवली होती, अगदी पल्लेदार. तू फक्त एक कागद माझ्यापुढे ठेवलास. घटनानोंदीचा फॉर्म. अर्धा भरलेला, तुझ्या त्या मोत्यासारख्या अक्षरात. 'पलंगापाशी काय झालं ते मी लिहिलंय,' तू म्हणालीस. 'काउंटरवर काय झालं ते तुलाच माहीत. ते तू लिही.'

'म्हणजे माझी नोकरी घालव.'

'यात दोषी कोण असा रकाना नाही. बघ. काय झालं, कसं झालं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं, आणि लिहिणाऱ्याचं नाव.'

'शिक्षा नाही, तर लिहायचं कशाला?'

'पुढच्या घागांसाठी.'

मी लिहिलं नाही. आज उद्या करत लिहिलं नाही. आणि ताई, कारण भीती नव्हती. कारण मत्सर होता. तुझा अर्धा भाग इतका देखणा होता! सहा ओळींत तू नायिका. माझ्या अर्ध्या भागात मी कोण? हात पसरून पुढे येणारा विदूषक. तपासनीस आले तेव्हा त्यांनी तुला 'नाव सांगा'च्या पाटीबद्दल विचारलं, तू नाव न घेता ती घटना सांगितलीस, आणि त्यातल्या एका बाईने वही खाली ठेवून तुझ्याकडे बघितलं. तसं माझ्याकडे कुणी कधी बघितलेलं नाही, माझ्या सर्वात गाजलेल्या प्रवेशातही नाही. मानांकन मिळालं. फोटोत तू मधोमध आणि मी कडेला, पुष्पगुच्छ धरलेला. तो गुच्छ माझा नव्हता, मी नुसता धरला होता.

नव्या नर्सना तू ती गोष्ट शिकवायचीस. तुझा अर्धा भाग. 'काउंटरवरून एक रुग्ण चुकीच्या पट्ट्यासह आला,' बस्स. मी दाराबाहेरून ऐकायचो आणि चडफडायचो. अगं, सगळी गंमत तर काउंटरवर आहे! ते हात पसरणं, तो भाऊ, ते 'बराय'! गोष्ट माझी, टाळ्या तुला. आणि मी तोंड उघडू शकत नाही, कारण उघडलं तर आधी फॉर्म उघडावा लागेल.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तू काउंटरवरून जाताना विचारायचीस, 'फॉर्म कधी भरतोयस?' मी म्हणायचो, 'पेन सापडत नाही.' तू तुझं पेन ठेवून जायचीस. माझ्या खणात तुझी किती पेनं आहेत, ताई. सगळी चालतात.

मग तू आजारी पडलीस आणि आपल्याच दवाखान्यात, चार नंबरच्या खोलीत आलीस. तुझ्या हाताखाली शिकलेल्या पोरी डोळे पुसत तुझ्याकडे यायच्या, तुझं मनगट हातात घ्यायच्या आणि विचारायच्या, 'सिस्टर, पूर्ण नाव सांगा.' एकीनेही चुकवलं नाही. आणि तू, आवाज बसलेला, तरी प्रत्येक वेळी: 'शुभांगी नारायण मयेकर.' दिवसातून पाच वेळा. होडीत चढल्यासारखी.

मी रोज दुपारी यायचो. तुला हसवायचो. तुझ्यासाठी तुझ्या भावाने पूर्णगडहून कोळंबीचं लोणचं पाठवलं, तुला चालत नव्हतं, मी तुझ्यासमोर बसून खाल्लं आणि कसं लागतं याचं वर्णन केलं, तू हसून हसून दमलीस. नर्सने मला बाहेर काढलं. त्या दिवशी मी जिंकलो.

शेवटच्या मंगळवारी तू हसली नाहीस. माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, 'दिगू, फॉर्म भरलास ना?'

आणि मी म्हणालो, 'होय.'

तू डोळे मिटलेस. मी खाली आलो. बुधवारी तू गेलीस.

ताई, मी तुझ्याशी एकवीस वर्षं भांडलो, पण खोटं बोललो ते त्या एकाच वेळी. तुला बरं वाटावं म्हणून. भिडेपोटी. त्या घागआजोबांसारखंच. आणि त्या दिवसापासून मला एक गोष्ट सुटत नाही. तू, जिने सगळ्या दवाखान्याला शिकवलं की 'ना' लावून प्रश्न विचारायचा नाही, माणूस होयच म्हणतो, ती तू मला 'भरलास ना?' असं का विचारलंस? दमली होतीस म्हणून? की मला सोडून दिलंस? मला सोडून दिलं असशील तर त्याचा मला राग आहे. हरलेल्या माणसाला असं सोडायचं नसतं.

शोकसभेत सगळे बोलले. मी एकेकाला बोलावत होतो, मनातल्या मनात माझ्या भाषणाशी तुलना करत होतो, माझं अजून वरच होतं. मग जिन्यावरून एक म्हातारा उठला. टोपी, वाकलेला खांदा. त्याने माईक मागितला. मी दिला. नाव विचारलं नाही. तेव्हाही विचारलं नाही, बघ.

'मी शिवराम बाळू घाग,' त्याने स्वतःच सांगितलं. 'या बायनी माजा जीव वाचवलान. मना दुसऱ्याचा रगात देत व्हते. पन चूक कोनाची नाय. चूक माजी. एवढा मोठा मानूस हात पसरून येतो, प्रेमान हाक मारतो, त्याला मी नाय कसा म्हनू? मी होय म्हटला. तवा माजीच चूक.'

सगळा हॉल उठून उभा राहिला. आणि मी, त्याच्यापासून हातभर अंतरावर, तो एवढा मोठा मानूस, माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं माहीत आहे? की माझी गोष्ट याने सांगितली. आणि माझ्यापेक्षा चांगली सांगितली. आठ वाक्यांत. आवाज कापरा न करता.

मग कळलं की तो चूक स्वतःवर घेऊन खाली उतरतोय. मी माईक घेतला. बोलायला हवं होतं तिथेच, 'आजोबा, चूक तुमची नव्हती' एवढंच. मी म्हणालो, 'धन्यवाद, आजोबा,' आणि पुढच्या वक्त्याला बोलावलं. माझं स्वतःचं भाषण मी केलं नाही. लोकांना वाटलं, दिगूभाऊंचा कंठ दाटून आला. तेही कौतुक मी घेतलं.

काल सकाळी मी काउंटरच्या मागे उभा होतो. नवी आलेली प्राजक्ता पुढे होती. पोरगी हुशार आहे, बोलकी आहे, मीच शिकवलीय. दारातून एक बाई आली. प्राजक्ता काउंटरबाहेर गेली, दोन्ही हात पसरले आणि म्हणाली, 'या, या, साळवीकाकी! ओळखलंत का मला?' बाई हसून 'होय' म्हणाली. प्राजक्ताच्या एका हातात छापलेला पट्टा होता.

अगदी हुबेहूब, ताई. तोच सूर, तीच हाताची फेक. माझी नक्कल माझ्यापेक्षा बरी. एरवी मला हेवा वाटला असता. काल मी फक्त तो पट्टा बघितला. काउंटरवर तुझी पाटी नव्हती. बाकी सगळीकडे होती, तिथे नव्हती, कारण तिथे काय झालं ते कुणी लिहिलेलंच नव्हतं.

'प्राजक्ता, नाव विचार,' मी ओरडलो.

'अहो भाऊ, साळवीकाकीच आहेत. आमच्या आळीतल्या.'

'विचार.'

तिने विचारलं. बाई म्हणाली, 'मेल्यांनो, रोज दारावरून जाताव आणि नाव विचारताव?' पण सांगितलं. साळवीच होत्या. बरोबरच होत्या. मी तरीही खाली बसलो, खण उघडला, तुझा तो अर्धा भरलेला फॉर्म काढला आणि तुझ्या पेनांपैकी एक घेतलं.

पहिल्यांदा कोऱ्या कागदांवर तीन पानं लिहिली. त्यात टोपी होती, सकाळचं ऊन होतं, माझ्या मनातली घालमेल होती. वाचून बघितलं, छान होतं. फाडलं. तू असतीस तर म्हणाली असतीस, 'रुग्ण चार वाक्यं बोलला.' मग फॉर्मवर असं लिहिलं:

'आलेल्या व्यक्तीला मी नाव विचारलं नाही. मीच त्यांना कदम म्हणालो, ते भिडेपोटी होय म्हणाले. कदम यांचा पट्टा मी माझ्या हाताने शिवराम घाग यांच्या मनगटाला बांधला. त्यांची काहीही चूक नव्हती. पुन्हा होऊ नये म्हणून काउंटरवर प्रत्येकाने आपलं नाव स्वतः सांगावं आणि पट्टा बांधण्याआधी तो त्याला वाचून दाखवावा. ओळखीच्या माणसाच्या बाबतीत तर नक्कीच.'

डॉक्टरांना नेऊन दिलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुन्हा वाचलं. 'दोन वर्षं?' एवढंच म्हणाले. मी होय म्हणालो. हे खरं होय होतं. मग फॉर्मची एक प्रत काढून घेतली, परवाच्या गाडीने घागआजोबांकडे जाणार आहे. ते बसलेले असतील तिथे बसून वाचून दाखवणार आहे, हात न पसरता. आणि पाटी आज दुपारी काउंटरवर लागली. खिळा मी ठोकला. किंचित वाकडी आहे, तू असतीस तर सरळ करायला लावली असतीस.

आता पुन्हा विचार, ताई. 'ना' लावू नकोस. फॉर्म कुणी भरला, असं विचार.

दिगंबर गोविंद भाटकर.

शेवटच्या रकान्यात लिहिणाऱ्यांची नावं आहेत. तुझं तू दोन वर्षांपूर्वीच लिहून ठेवलं होतंस, खाली बरोबर एका नावाची जागा सोडून. तिथे मी माझं लिहिलं, शक्य तितक्या चांगल्या अक्षरात. तुझ्याइतकं नाही आलं. आणि बघ, इथेही तूच वर.